बेलची जागा

केरूनाना उशाजवळच्या भिंतीतली दोन रिकामी भोकं पुन्हा पुन्हा दाबत होते. तिथली बेल मेट्रन सुवार्ताबाईंनीच काढायला लावली होती. नव्या खाटांना पेशंटची कळ, तहान, सगळं त्याने सांगण्याआधीच कळायचं. पोरींची पळापळ वाचेल, असं समजावून बाईंनी नाखूश सिस्टरांना राजी केलं होतं.

खाटेचा दिवा हिरवा होता, म्हणजे नानांना काहीच नको होतं.

"काय हवंय, नाना?"

"काही नाही हो बाई." नाना ओशाळले. "पूर्वी बेल दाबली की कुरकुरत का होईना, कुणीतरी यायचं."

बाई खाटेवर टेकल्या. वॉर्डभर हिरवे दिवे होते, आणि प्रत्येक उशाशी, बेलच्या जागी, भिंतीचा रंग बोटांनी घासून गेला होता.