कोंबडीचा वास

घरच्या अजगराने नवऱ्याचं मनगट तोंडात धरलं होतं आणि नवराच मला धीर देत होता. "ओढू नकोस, त्याचे दात आत वळलेले असतात. शेपटीकडून वेढे सोडव, मग तोंडावर गार पाणी ओत."

मी तसंच केलं. अजगराने सावकाश तोंड उघडलं.

जखम साबणाने धुताना नवरा त्याचीच बाजू घेत होता. "त्याचा काय दोष? कोंबडी धुऊन तसाच उचलायला गेलो मी. वास आला की त्याला खाणंच वाटतं."

लेकीला नुकतंच कोंबडीचं अळणी सूप भरवलं होतं. निम्मं अंगावर सांडलं होतं. तिला उचलून नवऱ्याच्या नाकाशी धरलं. "घे वास."

त्याने घेतला. मग चांगल्या हाताने एका अविवाहित मित्राला फोन लावला. "जेवायलाच ये. जाताना अजगर घेऊन जा."