भागाकार

"आणि ही कोण?" डॉक्टरांनी आदितीला हाताला धरून कॉटजवळ आणलं.

शांतिनाथ आप्पा तिच्याकडे टक लावून बघत राहिले. शाहूपुरीतल्या त्या दवाखान्यात सकाळपासून त्यांची परीक्षाच चालली होती. मेंदूतला रक्तस्राव थांबत नव्हता. बायकोला त्यांनी ओळखलं. "अक्काताई, जेवलीस का?" असंही विचारलं. मुलाला म्हणाले, "अनेकांत, दाढी कर की लेका." लेक तेवढी राहिली होती. दोन विमानं बदलून ती आसामातनं आली होती.

आप्पांचे ओठ हलले.

"दोनशेनं भागायचं. गुणायचं न्हवं."

"भ्रम आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "जुन्या कामाच्या आठवणी येतात अशा."

अनेकांतनं तोंड फिरवलं. "रिटायर होऊन बारा वर्षं झाली. माणूस अजून ऑफिसातनं घरी आलेला न्हाई."

आप्पांनी डोळे मिटले. दुपार टळली तरी ते उघडले नाहीत. आता उघडणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बाहेरच्या बाकड्यावर अक्काताईंनी लेकीचा हात मांडीवर घेतला.

"मनाला लावून घिऊ नगंस बाळ. आमाला वळिकलं, आणि एवढ्या लांबनं आलीस तर तुलाच..." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "दोनशे म्हंजे काय गं त्ये?"

आदितीचं कामही बापाचंच. दोघांनी जन्मभर जमिनीखालचा वायू मोजला.

"खाली वायू दाबानं चेपून बसलेला असतो, आई. तिथला खोलीभर वायू वर आला, की दोनशे खोल्या भरतो. म्हणून वर मोजलेल्या वायूला खाली किती जागा लागत होती ते काढायचं, तर दोनशेनं भागायचं."

"आणि गुणलं तर?"

"तर अख्खं कोल्हापूर गडप होईल एवढी पोकळी निघते."

एवढ्या दुःखातही अक्काताईंना हसू आलं. "असं कोण येडं गुणंल गं?"

"मी," आदिती म्हणाली. "नोकरीच्या पहिल्या महिन्यात. आप्पांनी फोनवर चूक धरली, आणि मरेपर्यंत ती कुणाला सांगणार नाही म्हणाले."