कड्यांचा झगा

"तुमच्यातला पेल कोण?"

दारातल्या बाईचा आवाज इतका चढलेला होता, की छपाईयंत्रावरच्या माणसांनीही माना वळवल्या. ऑगस्टस पेलने पेन्सिल खाली ठेवली. पोलादी कड्यांवर फुगवलेले झगे मिरवणाऱ्या बायकांची त्याने या साप्ताहिकातल्या आपल्या व्यंगचित्रांत यथेच्छ टिंगल केली होती. कुणी बग्गीच्या दारात अडकलेली, कुणाच्या घेराखाली पावसात अख्खं कुटुंब दडलेलं. सगळं लंडन हसलं होतं. चिडलेल्या बायका त्याला नव्या नव्हत्या. एकीने तर छत्रीने झोडपलं होतं.

"मीच. बसा ना, बाई."

"बसायला नाही आले. मी मिसेस हेस्केथ. माझी लिडिया तुमची चित्रं बघायची. एकही अंक सोडायची नाही."

"वाईट वाटलं असेल तिला," पेल ओशाळला.

"वाटणारच! तरणीताठी पोर. रस्त्यावरचे टारगट तुमचं चित्र नाचवत तिच्या मागे लागायचे. शेवटी तिने त्या कड्या माळ्यावर फेकल्या. मैत्रिणीच्या लग्नालासुद्धा साध्या झग्यात गेली."

आतल्या खोलीतून संपादक क्रॅब लगबगीने बाहेर आले. "बाई, शांत व्हा. ती चित्रं आम्ही केव्हाच बंद केली. आता उलट त्या कड्या विकणाऱ्यांच्या जाहिराती छापतो. पेल हल्ली पुरुषांच्या दाढ्यांवर काढतो. हे बघा, या दाढीत घरटं!"

ते हसले. बाईने ते चित्र हिसकावून टराटरा फाडलं.

"दात काय काढता?"

पेल उठून उभा राहिला. तिच्या अंगावर काळे कपडे आहेत, हे त्याला आत्ता दिसलं.

"बाई, हात जोडून माफी मागतो. झग्यांवर पुन्हा एक रेघ ओढणार नाही. शपथ घेतो."

बाईने त्याची कॉलर धरली.

"माफी कुणी मागितली तुझी? तुझी चित्रं थांबली आणि तिने माळ्यावरून कड्या उतरवल्या. परवा शेकोटीपाशी नुसती वळली, तर घेराने पेट घेतला. आम्हाला जवळसुद्धा जाता येईना. उचल ती पेन्सिल, मेल्या! हस त्या झग्यांवर! तू हसत होतास, तोवर माझी पोर जिवंत होती."