नावाची अट

“पाच मिनिटांत काय ते कळवा. नाहीतर नावाड्याला सांगते, नाव मागे वळव.”

विहीणबाई एवढंच बोलल्या आणि दार ओढून निघून गेल्या. मुलीचे वडील, घड्याळजी, यांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं. जन्मभर त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली होती, पण पाच मिनिटं एवढीशी असतात हे आजच कळत होतं.

बाहेर जुन्या लाकडी नावेच्या डेकवर साठ पाहुणे खोळंबले होते. फुलवाल्या बाईंनी सगळ्याचं रान करून टाकलं होतं. खांबांना वेली, कठड्याला नेचे, खुर्च्यांच्या पाठीला ओलं शेवाळ. एका आत्याबाईंच्या रेशमी कपड्यांना पाठीमागे हिरवा डाग पडला होता, पण मोठ्या घरचं लग्न म्हटल्यावर त्याही तोंडभरून कौतुक करत होत्या.

अट जुनीच होती. लग्नाच्या नोंदवहीत मुलीने नवं नाव लिहायचं. नुसतं आडनाव नाही, पहिलं नावसुद्धा. तिचं आत्ताचं नाव विहीणबाईंना ‘जरा साधंच’ वाटत होतं. ते नाव तिच्या आईने ठेवलं होतं, आणि आईचं म्हणावं असं मुलीकडे तेवढंच उरलं होतं. चार महिने मुलगी नाही म्हणत होती. चार महिने नवरदेव ‘आई म्हणेल तसं’ म्हणत होता.

लेक केबिनच्या मागच्या खिडकीशी बसली होती. टाचांचे बूट तिने काढून ठेवले होते.

“ठमे,” घड्याळजी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, “भर नदीत आणून माझी अब्रू बुडवू नकोस गं. घरी तू माझी ठमीच राहणार. वहीत काय लिहिलंय ते कोण बघायला जातंय?”

“तुम्हाला हे लग्न व्हायलाच हवंय, बाबा?”

“मला तू सुखात हवी आहेस.”

ते खरंच होतं. पण साठ जणांना तोंड कसं द्यायचं ही धास्ती त्याहून मोठी होती, आणि त्याची त्यांना मनातून लाज वाटली.

ती बाहेर बघत राहिली. मागे दोरीला बांधलेली फुलवाल्या बाईंची छोटी होडी डुलत होती. कोमेजलेलं काढून ताजं लावायचं म्हणून तीत नेच्यांच्या टोपल्या भरून ठेवल्या होत्या.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “सांगा त्यांना. नाव बदलायला मी तयार आहे.”

“नक्की? मग ऐनवेळी फिरशील.”

“नाही फिरणार. शब्द देते.”

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. ते जवळजवळ धावतच बाहेर गेले. विहीणबाई प्रसन्न हसल्या. “बघा, म्हटलं नव्हतं मी? पोर समजूतदार आहे.” नवरदेवाने टाय सारखा केला. नोंदणीच्या साहेबांनी वही उघडून पेनचं टोपण काढलं.

मुलीला हाक गेली. मग दुसरी गेली. बासरीवाला तीच धून पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागला. माना वळल्या, कुजबुज सुरू झाली. विहीणबाईंचं हसू ओठांवरच थिजलं.

घड्याळजी केबिनकडे धावले. आत फक्त बूट होते. मागचं दार सताड उघडं होतं. दोरी सोडलेली होती, आणि फुलवाल्या बाई जोर लावून वल्ही मारत होत्या. त्यांच्यासमोर, टोपल्यांच्या मधोमध, लेक अनवाणी बसली होती.

मागे विहीणबाई येऊन उभ्या राहिल्या. “हा काय प्रकार आहे?”

घड्याळजी कठड्यावरून वाकून जिवाच्या आकांताने ओरडले, “अगं ठमे, शब्द दिला होतास ना! नाव बदलणार होतीस ना तू!”

पाण्यावरून तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

“बदलली की, बाबा!”