जेवणाआधी वजन

पुतणीने वजनकाटा काकांच्या पलंगाखालून ओढून काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि थेट जेवणाच्या खोलीत आणून टेबलाशेजारी ठेवला. सणाचं जेवण मांडून झालं होतं. भाजलेल्या कोंबडीवरून वाफ निघत होती. गप्पा मारत बसलेल्या मंडळींच्या माना तिकडे वळल्या.

वजनकाटा सगळ्यांच्या ओळखीचा होता. पांढरा, जाडजूड, काचेखाली लाल सुई असलेला. पूर्वी वर्षानुवर्षं या घरात सणाचं जेवण त्याच्याशिवाय सुरूच झालं नव्हतं. पोरांनी रांगेने चढायचं, काकांनी आकडा मोठ्याने वाचायचा, आणि ज्याचं वजन जास्त भरेल त्याच्या ताटात गोड नाही. सणावाराला खावं, पण तब्येत सांभाळून खावं, हे काकांचं तत्त्वज्ञान. मोठ्यांपैकी फक्त काकूला चढावं लागायचं. काका स्वतः कधी चढले नाहीत. पुतणीचं गोड मात्र दरवर्षी न चुकता जायचं.

"काका, चढा," पुतणी म्हणाली.

काका हसले. कोणीतरी आपली बाजू घेईल म्हणून त्यांनी टेबलावरून नजर फिरवली. सणाच्या दिवशी कसलं आलंय वजन, उद्या सकाळी बघू, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग पुतणीने अगदी गोड आवाजात सगळ्यांना समजावून सांगितलं. काकांचं हृदय थकलंय. अंगात पाणी साठतं. म्हणून डॉक्टरांनी मीठ बंद केलंय आणि रोज वजन करायला सांगितलंय. वजन एकाएकी वाढलं तर ते खाऊन वाढलेलं नसतं, ते पाणी असतं, आणि तो जिवाशी खेळ असतो. हे सांगताना ती काकांच्या पायांकडे बघत होती. मोज्यांच्या रबराच्या वर पोटऱ्या टम्म फुगल्या होत्या.

यातला शब्दन् शब्द खरा होता. तिला एवढंसंही खोटं बोलावं लागलं नाही, याचंच तिला सुख वाटत होतं.

"उशीखाली खाऱ्या दाण्यांची पुडी सापडली," काकू म्हणाली. ती केकची सुरी पुसत होती. तिने वरही बघितलं नाही.

काका नाइलाजाने उठले. एक हात टेबलावर आणि एक पुतणीच्या खांद्यावर ठेवून ते कसेबसे काट्यावर चढले. पोट आड येत होतं, त्यांना सुई दिसेना. त्यांनी मान पुढे काढली, चष्मा खालीवर करून पाहिला. शेवटी ते पुतणीकडे वळले आणि तिच्यापुरतं ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

"ढब्बू, हळू वाच गं."

पुतणी वाकली होती, ती तशीच थांबली. लहानपणी हेच तर ती म्हणाली होती. याच काट्यावर उभी राहून, नव्या फ्रॉकचा घेर मुठीत धरून. काका, हळू वाचा ना. त्या सणाला काकांनी आकडा दोनदा वाचला होता, दुसऱ्यांदा शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असा. सगळं टेबल खो खो हसलं होतं. तिचे बाबासुद्धा.

ती सरळ उभी राहिली.

"ब्याण्णव," तिने खणखणीत आवाजात सांगितलं. मग टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्या बाबांकडे बघून तिने पुन्हा सांगितलं, "ब्याण्णव. आठवड्यात साडेतीन किलो वाढले. डॉक्टरांना फोन करावा लागणार."

बाबा ताटातल्या घडी घातलेल्या रुमालाशी चाळा करू लागले. आणि मग कोणीतरी फिसकन हसलं. ती काकू होती. हसू आवरायला तिने तोंडावर हात धरला, पण ते काही आवरेना. तिचं बघून आत्या हसली, पोरं हसली, बाबांनाही राहवलं नाही. टेबल पूर्वी हसायचं तसंच हसलं. काकांचे कान लाल झाले. पुतणीने ते हसणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. या क्षणी आपल्याला थोडं तरी वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. नाही वाटलं. फार बरं वाटलं.

काकांसाठी तिने कोंबडीचे तुकडे वेगळे भाजले होते. लिंबू, मिरी, भरपूर लसूण, मिठाचा कणही नाही. तिने स्वतः दोनदा चाखून पाहिले होते आणि ते खरोखरच चविष्ट झाले होते. काकांची आबाळ झाली असं म्हणायला कोणाला जागाच नव्हती. त्या तुकड्यांचं ताट तिने त्यांच्या खुर्चीसमोर मांडलं आणि बाकीच्यांच्या कोंबडीचं भांडं तिथून उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं.

तोवर काकूने केक कापला होता. मधला, सगळ्यात मोठा तुकडा ताटलीत घालून तिने तो पुतणीच्या हातात दिला.

"तू आधी गोड खा," काकू म्हणाली. "जेवण कुठे पळून जातंय?"

"ढब्बू," काका मागून म्हणाले. ते अजून काट्यावरच होते. एकट्याने उतरणं त्यांना जमत नव्हतं, आणि टेबलही आता हाताच्या अंतरावर राहिलं नव्हतं, आत्याने पोरांना जागा करण्यासाठी ते जरा सरकवून घेतलं होतं. "हात दे गं जरा."

पुतणीच्या एका हातात ताटली होती, दुसऱ्यात चमचा. तिने केकचा कोपरा मोडला, तोंडात घातला आणि काकांकडे बघत सावकाश चघळत राहिली. काका हात पुढे करून उभे होते. काचेखाली लाल सुई थरथरत होती.