सौदारा

"सिंगापूरहून आलोय," मुलुंडच्या घराच्या दारात उभा असलेला तरुण मोडक्या हिंदीत म्हणाला. "मला वाढवणाऱ्या आयाने मरताना हा पत्ता दिला. तिथे तुझा सौदारा आहे, म्हणाली. सौदारा म्हणजे भाऊ."

कॉलेजात संस्कृत शिकणारा श्रीरंग हरखलाच. "अगं आई, हा तर आपला सोदर! एका आईच्या पोटचा, तो सोदर." मग हसला. "पण मला कुठला आलाय भाऊ?"

नलिनीबाईंनी पाहुण्याच्या भुवईवरचा जुना व्रण पाहिला.

"घर चुकला असेल बिचारा. पाणी दे त्याला."

पाणी पिऊन तो निमूट जिना उतरला.

सतरा वर्षांपूर्वी, सिंगापुरावर जपानी बॉम्ब पडत असताना, नलिनीबाईंनी धाकट्याला कडेवर घेऊन बोट गाठली होती. थोरल्याचा हात आयाच्या हाती देताना म्हणाल्या होत्या, "आलेच हं."