पिंजौरची पिल्लं

"तुमचे पेरू तुम्हालाच लखलाभ," पद्मिनी कुंपणापलीकडून पुटपुटली. पुटपुटली म्हणजे रघुवीरला ऐकू जाईल अशा बेतानं.

रघुवीरनं पुढे केलेली परडी मागे घेतली. "वहिनी, साऱ्या लाइनीत असा पेरू नाही. खतबित काही घालत नाही, तरी बघा कसा लगडलाय!"

पद्मिनीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पायरीवर तांदूळ निवडणाऱ्या सरोजकडे. "ठाऊक आहे," म्हणाली आणि आत गेली.

"कुत्र्यांवरून खार खाते ही बाई," रघुवीर म्हणाला. सरोज खडे वेचत राहिली.

अठ्ठ्याहत्तर सालचा डिसेंबर होता. चंदीगढच्या त्या सरकारी कॉलनीत कमिटीनं नोटीस लावली होती. महिनाअखेरपर्यंत प्रत्येक पाळीव कुत्र्याचं नसबंदीचं ऑपरेशन, नाहीतर कुत्रं कॉलनीबाहेर. पाच कुत्रेवाल्यांनी विरोधाचा अर्ज केला. पहिली सही रघुवीरची.

"दोन वर्षांमागे माणसं धरून नेली, आता मुक्या जनावरांवर आलेत!" तो दिसेल त्याला सांगे. "आमची मैना चारदा व्याली. बावीस पिल्लं. एक तरी रस्त्यावर दिसलं कुणाला? सगळी पिंजौरला, एका माळ्याच्या मळ्यात!"

पोचवायचं काम सरोजचं. ते बघणं रघुवीरला सोसत नसे. त्या सकाळी तो न जेवताच ऑफिसला निघे आणि संध्याकाळी दारातच विचारी, "पिल्लं रडली का गं?" सरोज सांगे, नाही. मग अधूनमधून खबर आणी, बाजारात माळी भेटला होता म्हणून. काळ्यानं साप मारला. लंगडी माळ्याच्या नातीच्या कुशीत झोपते. रघुवीर ते ऑफिसात तिखटमीठ लावून सांगे. एवढं असूनही पिंजौरच्या बागेत सहलीला जायचं म्हटलं, की सरोजचं डोकं चढे.

न्हाणीतली जस्ताची बादली तिनं परसात उपडी घातली होती. चांगली बादली, पण तिच्यात ती वापरायचं पाणी भरत नसे. आणि हल्ली रोज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. मैना पंधरा दिवसांत माजावर यायची होती.

रविवारी सकाळी कमिटीचे सेक्रेटरी सोढी जीप घेऊन आले. बरोबर दोन माणसं, एकाच्या हातात लांब लोखंडी चिमटा. एरवी सरोज फाटकाला कडी घालायला विसरत नसे. आज फाटक उघडं होतं.

चिमटा मैनेच्या मानेत बसला. तिचं केकाटणं ऐकून रघुवीर अर्धी दाढी टाकून धावला. खुंटीवरची साखळी त्यानं ओढली आणि गरगरा फिरवली. ती सोढींच्या कानशिलावर बसली. कान फाटला. चिमटेवाल्यानं चिमटा टाकला आणि रघुवीरच्या तोंडावर गुद्दा हाणला. साबणाचा फेस लाल झाला.

सुटलेली मैना दुसऱ्याच्या पोटरीला डसली. सोडीचना. त्यानं बुटानं तिच्या पोटात लाथ घातली, एक, दोन, तीन. तिसऱ्या लाथेला ती सुटली आणि जमिनीवर लोळली. रघुवीर त्या माणसाच्या छातीवर बसला, त्याचे केस धरले आणि डोकं पायरीवर आपटलं. पायरीवरच्या सरोजच्या ताटातले तांदूळ सांडले. पुन्हा आपटलं. पद्मिनीचा नवरा नंदकुमार कुंपण ओलांडून आला, तेव्हा कुठे त्याला ओढून काढता आलं.

"खुनी आहात तुम्ही!" तो ओरडत होता. बोलताना रक्त उडत होतं. "मुक्या जिवांवर हात टाकता?"

सोढींनी रुमाल कानावर दाबला. "ज़बरदस्ती नहीं आया मैं, रघुवीरजी. फ़ॉर्म आपके घर से आया है."

त्यांनी पुढे केलेल्या कागदाखाली सरोजची सही होती.

"तू?"

"हो."

"अगं पण का?"

सरोज सांडलेले तांदूळ गोळा करू लागली. पद्मिनी कुंपणाशी आली होती, ती आपल्या चपलांकडे बघत राहिली.

"राहू दे रे आता," नंदकुमार म्हणाला.

"काय राहू दे?"

"रहने दीजिए, भाईसाब," सोढीही म्हणाले. कान फाटलेला माणूस इतक्या हळू बोलतो, याचं रघुवीरला नवल वाटलं नाही. त्याला वेगळंच सुचलं होतं.

"नाही राहू देणार! जीप आहे ना? चला पिंजौरला, सगळे चला! बघा बावीस जीव कसे पोसलेत. मग कापा माझ्या मैनेला."

त्यानं मैनेला टॉवेलात गुंडाळून उचललं आणि तो जीपमध्ये जाऊन बसला. बाकी कुणी हललं नाही.

"सरोज, पुढे बस. मळा तूच दाखवायचा."

सरोजनं ताट खाली ठेवलं. हात पदराला पुसले. जीपपाशी आली, पायरीवर पाय ठेवला आणि परत काढून घेतला.

"उतरा हो," ती म्हणाली. "पहिल्या खेपेला खरंच गेले होते मी पिंजौरला. दिवसभर टोपली घेऊन दारोदार फिरले. एकही कुणी घेतलं नाही. तेव्हापासून तुम्ही ऑफिसला गेलात की मी ती बादली भरायची. सगळी पेरूखाली आहेत."